एका भाकरीत चार विषय

"ताई, तोंड नाही घेत हो तुमचं. फक्त हात घेतोय. पदर जरा मागं घ्या, पिठात जातोय."

"पदर मांगं घेतला अन् तुमचा मोबाईल वर सरकला तं?" माय म्हणाली. "मंग भिताडावर मीच दिसीन साऱ्या गावाले. तुमची ते मशीन लय मोठं दाखवते सर. परवा कोंबडी दाखवली तं म्हशीएवढी दिसे."

खामकर सर हसले आणि धुरानं खोकले. आमच्या मागच्या अंगणात ते चुलीसमोर उकिडवे बसले होते. लाकडी स्टुलाला त्यांनी मोबाईल सुतळीनं बांधला होता, आणि तो मोबाईल तव्याकडे वाकून बघत होता. डोळे पुसत सर पुन्हा म्हणाले, "मोबाईल बांधलेला आहे ताई. तो वर सरकणार नाही. शब्द दिला."

"तुमचा शब्द ठीक हाय. सुतळी कोणाची हाय?"

मी कुडाला पाठ लावून उभी होते. मला वाटत होतं, हे लवकर संपावं.

सर साताऱ्याकडचे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं. अकोल्याच्या पुढं, एसटीचा शेवटचा थांबा असलेलं आमचं गाव. तिथं ते स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले, मग कुठून तरी प्रोजेक्टर मिळवला आणि आमच्या सहावीच्या वर्गाची एक भिंत चुना मारून पांढरी करून घेतली. त्या भिंतीवर आम्ही काय काय पाहिलं. अंड्यातून पिल्लू बाहेर येताना पाहिलं, तेही गावातल्याच कोंबडीचं. गणिताला पाटलाच्या विहिरीचा घेर पाहिला, इतिहासाला वेशीतला तो तुटका दगड, ज्यावर आम्ही रोज पाय देऊन जायचो. सरांचं म्हणणं असं की पुस्तकातलं सगळं गावात आहेच, फक्त ते भिंतीवर मोठं करून दाखवायचं, म्हणजे पोरं बघतात.

आता त्यांच्या डोक्यात भाकरी शिरली होती. एका भाकरीत चार विषय. ती का फुगते, हे विज्ञान. गोल असते, म्हणजे गणितातलं वर्तुळ. ज्वारी कुठल्या मातीत येते, हा भूगोल. आणि चुलीभोवतीच्या वस्तूंची नावं, ती भाषा. "गावात सगळ्यात चांगली भाकरी कोणाची?" असं त्यांनी वर्गात विचारलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या आईचं नाव घेतलं. मी गप्प बसले होते. तरी सर आमच्याच घरी आले, कारण शाळेच्या भिंतीला लागून घर आमचंच होतं.

मायच्या भाकरीची मला काळजी नव्हती. काळजी तिच्या बोलण्याची होती. मायला गप्प बसता येत नसे. चूल पेटली नाही की ती चुलीशी भांडायची. कोंबड्यांना त्यांच्या आईवरून बोलायची. कापूस वेचायला जाताना बोलत जायची आणि येताना त्याहून जास्त बोलत यायची. बाबा म्हणायचे, पंचफुला घरी आली हे मला ती वेशीत शिरायच्या आधी कळतं. मी मात्र शाळेत परिपाठाला बातम्या वाचणारी मुलगी. सर मला म्हणायचे, रोशनी, तू पुस्तकासारखं बोलतेस. शाळेच्या फाटकातून आत गेलं की मी 'मले'चं 'मला' करायची आणि बाहेर आलं की परत 'मले'. इतकं सवयीचं झालं होतं की चप्पल काढल्या-घातल्यासारखं.

"आता सांगा ताई," सर म्हणाले. "भाकरी फुगते ती कशामुळं?"

"मले विचारून राह्यले? इतके शिकले तुमी."

"मुलांना तुमच्याकडून ऐकू दे."

मायनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग तिनं परातीतला गोळा हातात घेतला आणि थापायला लागली, आणि हात चालू झाले की तिचं तोंड आपोआप चालू व्हायचं, तसं ते झालं.

"पाणी उकयलेलं पाह्यजे सर. कोमट घेतलं तं भाकर चिरते, मंग ते काही फुगत नाही, मान्सासारखी नुसती रुसून बसते. हं, आता हे टाकली तव्यावर. वरून पाणी फिरवलं. आता पलटवली. आता पाह्या. तिच्या पोटात पाण्याचा जीव हाय. खालून इस्तो, वरून पापोडा बंद. त्याले बाहीर याले जागाच नाही. मंग तो बिचारा काय करीन? पापोड्याले उचलते. जसं लेकरू सकायी गोधडी डोक्यावर घेऊन उठते ना, तसं."

आणि खरोखर, तव्यावरून निखाऱ्यांवर ठेवलेली भाकरी हळूच एका बाजूनं उठली, मग दुसऱ्या बाजूनं, आणि टम्म झाली.

"फुगली! फुगली!" सरच ओरडले.

"तुमाले भूक लागली सर," माय म्हणाली. "तुमच्या नावाची होती हे. घ्या, खाऊन घ्या आदी. मंग करा तुमचा विषय."

सरांनी ती भाकरी तिथंच बसून ठेच्याशी खाल्ली. मोबाईल चालूच होता.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर मायचे हात आले. खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. काकणं, पीठ, मनगटावरचं गोंदण, सगळं आमच्यापेक्षा मोठं. वर्गानं एकदम श्वास घेतला. मग मायचा आवाज आला. "पाणी उकयलेलं पाह्यजे सर."

वर्ग फुटला. "रोशनीची माय! रोशनीची माय हाय बे!" मुलं बाकांवर हात आपटत होती. "मान्सासारखी रुसून बसते" यावर तर शेवटच्या रांगेतली पोरं खाली पडली. सर "शांत, शांत" म्हणत होते आणि स्वतःही हसत होते. ते हसणं आनंदाचं होतं की कसलं, हे मला कळत नव्हतं. घरी गेल्यावर तिथली सगळीच पोरं 'मले-तुले' करायची. पण त्या भिंतीवर तसं कोणी कधी बोललं नव्हतं. भिंतीवरचं कोंबडीचं पिल्लूसुद्धा सरांच्या शुद्ध भाषेत अंड्यातून बाहेर आलं होतं.

मधल्या सुट्टीत माझी मैत्रीण भूमिका माझ्या पोटाला बोट लावून म्हणाली, "रोशने, तुह्या पोटात पाण्याचा जीव हाय का व?" आणि सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. त्या दिवशी डबा मात्र तसाच घरी आला. मायनं तो उघडून पाहिला, काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या आठवड्यात शाळा तपासायला केंद्रप्रमुख साहेब आले. सरांनी त्यांना भाकरीचा पाठ दाखवला. साहेब खूश झाले. हा तालुक्याच्या प्रदर्शनात ठेवा म्हणाले, तिथं निवडला तर बाहेरच्या जिल्ह्यांतल्या शाळांतही जाईल. फक्त एक करा. भाषा प्रमाण पाहिजे. सांगली-कोल्हापूरच्या मुलांना हे बोलणं समजायचं नाही. संध्याकाळी सर आमच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ शेळीकडेच बघत राहिले.

"बोला ना सर, शेळी काय सांगते तुमाले?" माय म्हणाली.

"ताई, तेच पुन्हा एकदा बोलाल का? जरा पुस्तकात असतं तसं. मी वाक्यं लिहून देतो."

"पुस्तकात असते तसं," माय हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, "बोलतो ना. त्यात काय हाय. माह्या जिभेले काही हाड नाही."

ती शाळेत आली ती थेट वेचणीवरूनच. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली, केसांत कापसाचे धागे. शाळा सुटली होती. सरांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, बाहेर खेळणाऱ्या पोरांना हाकललं आणि मायच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, जसं काही पडेल.

"मी म्हणतो तसं म्हणा. भाकरी भाजताना तिच्यातील पाण्याची…"

"भाकरी भाजताना तिच्यातली पाण्याची…"

"तिच्यातील."

"तिच्यातील. सर, हे तील कायचं? जवसाचं का?"

मी खुदकन हसले. सरही हसले. "पुन्हा. तिच्यातील पाण्याची उष्णतेमुळे वाफ होते."

"तिच्यातील पाण्याची उस… उस्नतेमुळं…" माय थांबली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "परत सांगा."

सरांनी परत सांगितलं. माय परत अडली. ते वाक्य तिच्या तोंडात मावत नव्हतं. जी बाई रस्त्यानं चालताना बोरीच्या झाडाशी बोलायची, ती एका ओळीपुढं बसून होती आणि एकेक शब्द असा काढत होती, जसे काही ते दुसऱ्याच्या घरातून मागून आणलेत आणि फुटले तर भरून द्यावे लागतील. एकदा जमलं, तेव्हा मध्येच म्हणाली, "बरोबर हाय ना व रोशने?" आणि ते वाक्य गेलं. एकदा तिच्या काकणांचा आवाज आला. एकदा बाहेरून म्हैस ओरडली आणि माय तिला म्हणाली, "थांब व माय, तुह्यं बी रेकॉर्डिंग घेतीन सर."

सर दमले नव्हते. ते म्हणत होते, "छान, अजून एकदा." पण मायनं हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला.

"सर, हे माह्यं काम नाही. माह्यी पोरगी हाय ना. ते पुस्तकासारखी बोलते. तिचा आवाज टाका यात."

"ताई, मला खरं तर तुमचं पहिलंच आवडलं होतं," सर म्हणाले. "मी साहेबांना पुन्हा विचारून बघतो. गोधडीचं ते किती छान…"

"नोको. नोको विचारू." मायनं ओटीची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "मले हासले पोट्टे तं हासू द्या, मले काय होते. पण हिले हासतीन. तुह्यी माय अशी बोलते म्हणून. डबा वापस आणला हिनं त्या दिवशी. ते पुढं शिकीन, कुठी कुठी जाईन. हात माहे राहू द्या सर. आवाज तिचा टाका."

सरांनी वाक्यांचा कागद माझ्यापुढं ठेवला. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला.

मी वाक्यं वाचली. पहिल्याच वेळी सगळी बरोबर आली. "भाकरी भाजताना तिच्यातील पाण्याची उष्णतेमुळे वाफ होते. वाफेला बाहेर पडण्यास जागा नसल्याने ती वरचा पापुद्रा उचलते." मग वर्तुळ, मग काळी कसदार जमीन, मग परात, काठवट, उलथणे. आमच्याकडे त्याला सराटा म्हणतात, पण कागदावर उलथणे होतं, मी उलथणे म्हणाले. समोर माय जमिनीवर बसली होती. एका हाताची काकणं तिनं दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवली होती आणि ती काकणंही हलत नव्हती. मी तिला इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं. 'उष्णतेमुळे' म्हणाले तेव्हा ती हसली, आवाज न करता, नुसती तोंडभर.

सरांनी लगेच लॅपटॉपवर जोडून दाखवलं. मायचे हात थापत होते आणि माझा आवाज सांगत होता. कुठंही काही हललं नव्हतं. जणू ते हात आधीपासून माझंच ऐकत होते.

"आता झालं शुद्ध," माय म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले. "पाह्य ना व, कशी बोलते. कलेक्टरीणच."

निघताना सर मोबाईल लॅपटॉपला लावून बसले होते. "ताई, आधीचं काढून टाकू ना? मोबाईलमध्ये जागा राहिली नाही. उद्या सातवीच्या भूगोलाला धरण घ्यायला जायचंय."

"टाका, टाका. तो कचरा कायले ठेवता?"

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर सरांनी वर्गात बायांसाठी तो पाठ लावला. तालुक्याला तो निवडला गेला होता. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. माय पुढं बसली नाही. दाराशी उभी राहिली आणि भिंतीकडे न बघता बायांकडे बघत राहिली. हात आले तेव्हा शेजारची काकू म्हणाली, "पंचफुले, तुह्येच ना व हात?"

"हाताचं सोड व," माय म्हणाली. "आवाज कोणाचा हाय ते वयख. वयख ना."

"सरांच्या बाईचा?"

"सरांचं लगन व्हायचं हाय अजून! नीट आयक."

"मंग कोणाचा व?"

"माह्या रोशनीचा," माय म्हणाली आणि मग प्रत्येक बाईला वेगळं वेगळं विचारत सुटली. पाठ संपेपर्यंत तिनं इतक्या जणींना विचारलं की माझा आवाज कोणालाच ऐकू आला नसेल.

त्याच हंगामात, कापसाची शेवटची वेचणी चालू असताना, बायांना शेतावर नेणारी ऑटो कालव्याच्या वळणावर उलटली. बाकीच्या बायांना लागलं, खरचटलं. माय कडेला बसली होती. ती वळणापर्यंत बोलत होती, असं त्या बाया नंतर सांगायच्या. काय बोलत होती, ते प्रत्येकीनं वेगळं सांगितलं.

मला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की घर शांत होतं आणि त्या शांततेत काहीतरी पडलं की बाबा दचकायचे. मी चुलीपाशी बसून मायची वाक्यं आठवून बघायची. शब्द सगळे यायचे. सुतळी कोणाची हाय. पाण्याचा जीव. थांब व माय. पण ते माझ्याच आवाजात यायचे. मी कान दाबून बघितले, डोळे मिटून बघितले. शब्द तिचे, आवाज माझा. परिपाठाला बातम्या वाचणारा.

तेरवी झाल्यावर बाबांनी मला शाळेत पाठवलं. मी उशिरा पोचले. व्हरांड्यात आले तर पाचवीच्या पोरांना सरांनी आमच्या वर्गात बसवलं होतं, दार अर्धं लोटलेलं होतं, आणि आतून मी बोलत होते. "भाकरी भाजताना तिच्यातील पाण्याची उष्णतेमुळे वाफ होते." मी दार ढकललं. भिंतीवर माय भाकरी पलटवत होती.

सरांनी मला पाहिलं आणि धावत जाऊन लॅपटॉप बंद करायला लागले. "रोशनी, मला माहीत नव्हतं तू आज… मुलांनो, बाहेर जा. सगळे बाहेर जा."

"बंद नोको करू सर," मी म्हणाले. शाळेत मी असं कधी बोलले नव्हते. "सर, यातला मायचा आवाज हाय का तुमच्यापाशी? पहिलेचा?"

सरांनी पाठ मध्येच थांबवला. भिंतीवरची भाकरी फुगून तशीच थांबली होती.

"बघू," ते म्हणाले. "बघू आपण. कुठं तरी असेल."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. सर एकेक फोल्डर उघडत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. कोंबडी. विहीर. वेशीतला दगड. पुन्हा कोंबडी. प्रत्येक वेळी स्पीकरमधून थोडा खरखर आवाज यायचा आणि मी पुढं वाकायची, आणि मग त्यातून सरांचाच आवाज यायचा. पेन ड्राइव्ह पाहिला. तालुक्याला पाठवलेली प्रत मागवली, तीही तयार पाठाचीच निघाली. एरवी सर मोबाईलवर घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवायचे, तालुक्याच्या मास्तरांना त्यांची ती सवय माहीत होती. फक्त मायनं स्वतः टाका म्हटलं होतं, म्हणून तेवढं एक त्यांनी कुठंच ठेवलं नव्हतं.

"मोबाईलमधून पुसलेलं परत काढून देणारे असतात," सर म्हणाले. "रविवारी अकोल्याला जातो."

मी रविवारची वाट पाहिली. दिवसभर ओसरीवर बसून राहिले. बाबांनी विचारलं, काय बघून राह्यली? मी सांगितलं. ते शेळीला पाला टाकत होते, टाकता टाकता थांबले.

"आवाज?" ते म्हणाले. "मायचा?"

"हो."

बाबांनी उरलेला पाला शेळीपुढं तसाच धरला. "लय बोलते म्हणून रागे भरो मी तिले," ते म्हणाले, आणि शेळी ओढून ओढून पाला खात राहिली.

संध्याकाळच्या एसटीनं सर आले. घरी न जाता आमच्याकडेच आले. बाबांनी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. मोबाईल तिथं होता.

"दोन दुकानं पाहिली," सर म्हणाले. "दुकानदार म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर मिळालं असतं. पण त्या जागेवर नंतर दुसरं काही भरलं की आधीचं जातं. मी धरणाचं…" ते थांबले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "धरणाचं सगळं मिळालं. पाणी पडण्याचा आवाजसुद्धा स्वच्छ आहे."

बाबा म्हणाले, "सर, पाणी घ्या."

सर पाणी प्यायले नाहीत. "रोशनी, मी आणखी एकाला विचारतो. नागपूरला एक जण आहे."

मला तेव्हाच कळलं होतं. नागपूरहूनही काही येणार नव्हतं, आणि पुढं आलंही नाही.

"सर," मी म्हणाले. "मंग त्या पाठातला माहा आवाज काढून टाका."

"का गं?"

"काढून टाका."

"अगं, पण मग त्यात काहीच ऐकू येणार नाही. नुसते हात राहतील."

"राहू द्या."

सरांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. सरांनी तिथंच, आमच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला. मी शेजारी बसले. त्यांनी काहीतरी निवडलं, एक कळ दाबली. पडद्यावर निळी रेघ होती, आवाजाची, टेकड्यांसारखी वर-खाली जाणारी. ती सपाट झाली.

शाळांमध्ये तो पाठ माझ्याच आवाजात चालत राहिला असेल. सर पुढं बदलून गेले. माझ्याकडे मात्र तो बिनआवाजाचा आहे. आधी सीडीवर होता, मग पेन ड्राइव्हवर, आता मोबाईलमध्ये आहे, आणि ज्या ज्या वस्तूत ठेवता येईल त्या सगळ्यात मी तो ठेवला आहे. आवाज काढल्यावर एक गोष्ट दिसायला लागली, जी मी बोलत असताना दिसत नव्हती. मायचे हात बोलतात. गोळा फिरवताना ते थांबतात, पुन्हा चालतात, थांबतात, आणि प्रत्येक थांबण्याच्या जागी ती काहीतरी म्हणाली आहे. पाण्याच्या जीवाची जागा मला ओळखता येते. गोधडीची येते. पण शेवटाकडे एक जागा आहे. भाकरी तव्यावर आहे, मायचा उजवा हात वर येतो, पिठानं माखलेलं एक बोट कोणाला तरी काही बजावल्यासारखं हलतं, दोनदा हलतं, आणि मग हात खाली जातो. तिथं ती काय म्हणाली होती, हे मला आठवत नाही. मी तिथंच होते, कुडाला पाठ लावून. बोट बहुतेक माझ्याकडेच होतं.

माझी मुक्ता आता चार वर्षांची आहे. आम्ही नाशिकला राहतो. भरवायला बसलं की तिला आजीचे हात लागतात. घास तोंडात घेऊन ती मोबाईलकडे बघते, आणि ते बोट आलं की चावणं थांबवते.

"आजी काय म्हणते?"

पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी ते बोट पुन्हा एकदा लावून बघितलं. मग मी म्हणाले, "आजी म्हणते, मुक्ते, हे भाकर तुह्या नावाची हाय." ती खूश झाली आणि घास गिळला. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, आजी म्हणते, चुलीजवळ नोको येऊ व, भाजशीन. एकदा सांगितलं, आजी म्हणते, डबा वापस आणला तं पाह्य. मला जे सुचेल ते मी सांगते. तोंडात ती बोली आता नीट बसत नाही, जीभ अडते, मी तरी तशीच सांगते.

काल दुपारी मुक्तानं मला मध्येच थांबवलं.

"पण आजी कालच्या आधी दुसरंच म्हणाली होती."

"आजी लय बोलायची," मी म्हणाले.

तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"मग तिला सांग ना, जरा मोठ्यानं बोल."